जावक रांगेतल्या चार ओळी

१९९९ सालचा पावसाळा. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस होतो. संस्थेने नुकताच संगणक घेतला होता आणि संचालकांच्या परवानगीने रविवारी रात्री मला तो वापरायला मिळे. मोडेमवरून पुण्याला एसटीडी कॉल लावायचा, तो तीन-चार प्रयत्नांत लागला की इंटरनेट. पाऊस असला की लाइनवर खरखर, आणि वेग निम्म्यावर. अमेरिकेत डेट्रॉइटला राहणारा माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याच्या दुपारी आणि माझ्या रात्री चॅटवर भेटत असे. दोघांपुरते एक चॅनेल आम्ही उघडले होते.

त्या रात्री विषय आजोळच्या वाड्याचा होता. वाडा विकायचा की ठेवायचा, यावर आमचे पटत नव्हते. दादाने लिहिले, ‘थांब, माझं म्हणणं नीट लिहितो.’ तो टंकत होता तोवर वेळ घालवायला म्हणून मी एक आज्ञा दिली : या सर्व्हरवर आणखी कोणकोणती चॅनेल्स आहेत त्यांची यादी दाखव. पडद्यावर नावांचा लोंढा सुरू झाला. थोड्या वेळाने लोंढा थांबला आणि एक इंग्रजी ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच, की तुमच्या ‘सेंडक्यू’ने मर्यादा ओलांडली आहे. मी बाहेर फेकला गेलो होतो. पुन्हा पुण्याचा कॉल लागेपर्यंत पाऊण तास गेला. दादा निघून गेला होता.

त्याने पुढे पत्रात लिहिले, ‘मी चार ओळी लिहिल्या आणि तू उत्तर न देता उठून गेलास.’ मी उठून गेलो नव्हतो, हे मी कळवले. पण मग त्या चार ओळी गेल्या कुठे, हे मला सांगता येईना. आमच्यात सहा-सात महिने अबोला होता. वाड्याचा निर्णय त्या काळात इतरांनी घेतला.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जे काही समजले ते जुनी तांत्रिक टिपणे आणि सर्व्हरच्या कार्यक्रमांची उघडी असलेली संहिता वाचून, शब्दकोश शेजारी ठेवून. पण वाचायला बसलो तो या एका प्रश्नासाठी : दादाने पाठवलेल्या आणि मला न मिळालेल्या त्या ओळी मधल्या काळात नेमक्या कुठे होत्या? उत्तर शोधताना एका छोट्या, दुर्लक्षित यंत्रणेचा इतिहास हाती लागला. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर ती चॅट सर्व्हरची जावक नोंदवही आहे.

ओउलु, १९८८

आम्ही वापरत होतो ती पद्धत म्हणजे ‘इंटरनेट रिले चॅट’, लोकांच्या तोंडी आयआरसी. तिचा जन्म १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या ओउलु विद्यापीठात झाला. यार्क्को ओइकारिनेन हा तिथला तरुण विद्यापीठाच्या एका सार्वजनिक संगणक-फलकाची देखभाल करत होता, आणि त्यावर गप्पा मारण्याची जी सोय होती तिच्या जागी त्याला अधिक चांगली हवी होती. त्याच्यासमोर एक नमुना होता. अमेरिकेत जेफ केल यांनी १९८५ मध्ये ‘बिटनेट’ या विद्यापीठांच्या जाळ्यावर ‘रिले’ नावाची गप्पांची व्यवस्था केली होती. ओइकारिनेनने ती कल्पना इंटरनेटवर आणली. काही वर्षांतच एका सर्व्हरला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे करत त्यांचे जाळे अनेक देशांत पसरले.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चॅनेलमध्ये मी एक ओळ लिहिली की ती सर्व्हरकडे जाते, आणि तिथे असलेल्या प्रत्येकाकडे तिची प्रत पाठवण्याचे काम सर्व्हर करतो. आवक एक, जावक अनेक. चॅनेलमध्ये ५०० माणसे असतील तर शंभर अक्षरांची एक ओळ सर्व्हरला सुमारे पन्नास हजार अक्षरांइतकी पडते. म्हणून चॅट सर्व्हरचा खरा भार ऐकण्यात नसतो, सांगण्यात असतो.

आता ज्यांना सांगायचे ते सगळे सारख्या वेगाचे नसतात. कोणी विद्यापीठाच्या जलद जोडणीवर, कोणी माझ्यासारखा पावसातल्या टेलिफोनवर. आमच्या पतसंस्थेत एकच रोखपाल होता. एखादे आजोबा खिडकीपाशी उभे राहून नोटा तीनदा मोजत, आणि मागची सारी रांग खोळंबे. त्या काळचा आयआरसी सर्व्हर असाच एकटा रोखपाल होता. एकच कार्यक्रम हजारो जोडण्या सांभाळत असे. मंद ग्राहकाने ओळ घेईपर्यंत तो त्याच्या खिडकीशी थांबला, तर बाकीच्या हजारोंच्या गप्पा त्याच क्षणी गोठणार.

यावरचा उपाय सोपा वाटतो. थांबायचेच नाही. समोरचा जेवढे घेईल तेवढे द्यायचे, उरलेले त्याच्या नावाच्या कप्प्यात ठेवायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. तो पुन्हा घ्यायला तयार झाला की कप्प्यातून पुढचे द्यायचे. हा कप्पा म्हणजे बफर, आणि त्यात लागलेली रांग म्हणजे सेंडक्यू. आयआरसी सर्व्हरच्या जुन्या संहितेत या कामाची एक स्वतंत्र फाइल आहे. तिचे नाव ‘डीबफ’. तिच्या माथ्यावर १९९० साल आहे आणि मार्क्कु सावेला हे नाव. फाइल लहान आहे. तिच्यात प्रत्येकासाठी मोठी जागा आधीच राखून ठेवलेली नाही. साधारण दोन किलोबाइटांचे ठोकळे आहेत. लागेल तसा एक-एक ठोकळा साखळीला जोडायचा, त्यातला मजकूर गेला की ठोकळा मोकळ्यांच्या ढिगात परत टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तो वापरता येतो. ज्याची लाइन जलद त्याला बहुधा एकही ठोकळा लागत नाही. मंद माणसालाच जागा लागते.

दोनशे किलोबाइट

मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरेन रीड यांनी आयआरसीचे नियम एका टिपणात लिहून काढले. ‘आरएफसी १४५९’ या क्रमांकाने ते ओळखले जाते. त्याच्या शेवटाकडे, नियम सांगून झाल्यावर, त्या वेळचे सर्व्हर प्रत्यक्षात कसे चालतात याचा एक भाग आहे, आणि मला तो सबंध टिपणातला सर्वांत जिवंत वाटतो. तिथे जावक रांगेचे कारण सरळ सांगितले आहे. तारा तुंबलेल्या असतात, समोरचा घेऊ शकत नाही, आणि संगणकाच्या मूळ प्रणालीतले लहान बफर पुरत नाहीत. मंद जोडणीवरून मोठ्या जाळ्याला नवा सर्व्हर जोडला गेला, तर ही रांग २०० किलोबाइटपर्यंत वाढू शकते, असा आकडाही दिला आहे. नव्याने आलेल्या सर्व्हरला कोण कुठे बसले आहे याची सारी हजेरी एकदम सांगावी लागते, त्याचा हा परिणाम.

त्याच परिच्छेदात काटकसरीची एक युक्ती आहे. सर्व्हर आधी सगळ्यांचे आलेले बोलणे वाचून घेतो आणि ज्याचे-त्याचे जावक कप्प्यांत टाकतो. आवक संपली की मग एकदम वाटपाला निघतो. त्यामुळे प्रणालीला ‘हे पाठव’ असे सांगण्याच्या खेपा कमी होतात आणि तारेवरून जाणारी पाकिटे भरलेली जातात.

भरलेल्या पाकिटांचे महत्त्व जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मधल्या एका टिपणात दाखवून दिले होते. एक अक्षर पाठवायचे तरी त्याला पत्ता वगैरेची ४० अक्षरांची वेष्टने लागतात, म्हणजे एकाच्या मालाला एक्केचाळीसचे पाकीट. नेगल यांचा तोडगा असा, की आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत सुटे मजकूर साठवा आणि मग एकत्र पाठवा. थोडे थांबल्याने सगळ्यांचे लवकर पोचते. ज्यांनी मागच्या स्टँडवर उतारू भरेपर्यंत सुटत नसलेली वडाप गाडी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व आणि त्याचा त्रास दोन्ही ठाऊक असतील.

दुसरा धडा रस्त्याचा होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून बर्कलीच्या विद्यापीठापर्यंत, म्हणजे जेमतेम चारशे यार्डांवर, संदेशांचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पोच येत नाही म्हणून प्रत्येक जण तेच पुन्हा पुन्हा पाठवत होता, आणि त्या पुनरुक्तीनेच रस्ता तुंबत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये, आयआरसी जन्मली त्याच वर्षी, यावरचा उपाय प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने रस्त्याचा अंदाज घेत हात सैल किंवा आखडता करावा. म्हणजे माझी लाइन मंद असेल तर सर्व्हरच्या संगणकाला ते कळते आणि तो हळू देतो. पण हळू दिले म्हणजे उरलेले मागे साठते. साठते कुठे? त्या जावक रांगेत.

कोणाला किती

रांग अमर्याद वाढू देता येत नाही. पाच हजार माणसे, प्रत्येकाला २०० किलोबाइट असा हिशेब केला तर सुमारे एक गिगाबाइट होतो. नव्वदच्या दशकातल्या विद्यापीठीय संगणकात त्यासाठी जागा नव्हती. शिवाय एक अडचण अशी, की बाहेरून पाहता मंद आणि मृत सारखेच दिसतात. माझा फोन तुटला हे सर्व्हरला लगेच कळत नाही. त्याला एवढेच दिसते की समोरचा काही घेत नाही. तो ठरावीक काळाने हाक मारतो, उत्तर आले नाही तर नाव काढतो. तोपर्यंत गेलेल्या माणसाच्या नावावर रांग वाढतच असते.

म्हणून मर्यादा आली. सर्व्हर चालवणाऱ्याच्या मांडणी-फाइलीत ‘वाय’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी असत. प्रत्येक ओळ म्हणजे जोडणीचा एक वर्ग. त्यात वर्गाचा क्रमांक, किती सेकंदांनी हाक मारायची, पुन्हा जोडण्याआधी किती थांबायचे, त्या वर्गात किती जण घ्यायचे, आणि शेवटी जावक रांग किती वाढू द्यायची. शेजारच्या सर्व्हरच्या वर्गाला तो शेवटचा आकडा मोठा, कारण तो तुटला तर त्याच्यामागची शेकडो माणसे तुटतात. सामान्य वापरणाऱ्याला लहान. रांग त्या आकड्यापलीकडे गेली की जोडणी तोडायची आणि रांगेतले सगळे टाकून द्यायचे.

याच व्यवस्थेत उलट्या बाजूचा नियमही आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. कोणी भराभर ओळी पाठवून गोंधळ घालू लागला तर त्याच्या प्रत्येक ओळीमागे दोन सेकंदांचा दंड बसतो, आणि सर्व्हर त्याचे म्हणणे सावकाश वाचू लागतो. त्याला लगेच काढत नाही, आधी थोपवतो. फार बोलणाऱ्याला सबुरी, आणि हळू ऐकणाऱ्याला दार. हे कोणी दुष्टपणे ठरवले नव्हते. बोलणाऱ्याला थांबवले तर खर्च त्याचा होतो. ऐकणाऱ्यासाठी थांबले तर खर्च सर्व्हरचा होतो. हिशेबनीस म्हणून मला हा ताळेबंद समजतो. पण त्या आकड्याने कोण बाहेर जाणार होते तेही मला समजते. तो आकडा ठरवणारा बहुधा चांगल्या जोडणीवर बसलेला होता.

माझी यादी

आता त्या रात्रीचा हिशेब मांडता येतो. समजा त्या जाळ्यावर दहा हजार चॅनेल्स होती आणि प्रत्येकाच्या नावाची व विषयाची ओळ सरासरी ८० अक्षरांची होती. म्हणजे आठ लाख अक्षरे. माझी लाइन त्या पावसात सेकंदाला दोन हजार अक्षरे आणत होती असे धरले, तरी यादी यायला चारशे सेकंद, साडेसहा मिनिटांहून अधिक. सर्व्हरने मात्र ती सगळी यादी क्षणार्धात तयार केली आणि माझ्या कप्प्यात ओतली. कप्पा फुगत मर्यादेला भिडला. पहिला आलेला पहिला जाईल, या न्यायाने चालणारी ती रांग. दादाच्या ओळी यादीच्या सर्वांत मागे उभ्या राहिल्या असणार. त्या रांगेत कोणती ओळ मावसभावाची आणि कोणती परक्या चॅनेलच्या नावाची, हे ओळखणारे कोणी नव्हते. जोडणी तोडली गेली, साखळीतले ठोकळे मोकळ्यांच्या ढिगात गेले, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्यात दुसऱ्या कोणाचे तरी बोलणे लिहिले गेले.

मी विचारले काय, तर इथे काय-काय आहे एवढेच. नवख्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो. आणि मंद लाइनवरून तो विचारणे हाच बाहेर जाण्याचा मार्ग होता. असे अनेकांचे झाले असावे, कारण पुढे सर्व्हर लिहिणाऱ्यांनी यावर खास उपाय केला. यादी एकदम ओतायची नाही. थोडी द्यायची, रांग रिकामी होऊ लागली की पुढची थोडी तयार करायची. ज्या सर्व्हरमध्ये ही सोय आहे तो जोडणीच्या सुरुवातीलाच तसे जाहीर करतो. त्या जाहीर शब्दाचे नावच ‘सेफलिस्ट’ आहे. अर्थ असा, की इथे यादी मागितल्याने तुम्ही बाहेर पडणार नाही. तो शब्द प्रथम वाचला तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीवर थांबलो होतो.

दुसरी सुधारणा जागेची. ५०० जणांना जाणारी ओळ पूर्वी ५०० कप्प्यांत ५०० वेळा उतरवली जाई. २००० नंतरच्या काळात ‘हायब्रिड’ नावाच्या सर्व्हरच्या सातव्या आवृत्तीत वेगळी मांडणी आली. ओळ एकदाच लिहायची, प्रत्येकाच्या रांगेत तिचा फक्त पत्ता ठेवायचा, आणि ओळीसोबत एक मोजणी : अजून किती जणांना द्यायची आहे. शेवटच्या माणसाला मिळाली, मोजणी शून्यावर आली, की ओळ पुसायची. आमच्याकडे एकच परिपत्रक सगळ्या टेबलांवरून फिरते आणि प्रत्येक जण सही करतो, तसे. यामुळे मंद माणसासाठी थांबणे स्वस्त झाले. जागा वाचली की सबुरी वाढवता येते.

मग रांग कितीही मोठी करावी का? तसेही नाही. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याने दाखवून दिले, की स्मृती स्वस्त झाल्यावर मोडेमांपासून राउटरांपर्यंत सगळीकडे बफर अवाढव्य झाले आहेत. काही हरवत नाही, पण सगळेच उशिरा पोचते, आणि तुंबल्याची खबर पाठवणाऱ्याला वेळेवर मिळत नाही. या विकाराला ‘बफरब्लोट’ म्हणतात. एक मिनिट जुनी झालेली ओळ जपून पोचवणे, हेही चॅटमध्ये फारसे कामाचे नसते.

टाकून न देणारी रांग

आज आपल्या सगळ्यांच्या हातात असलेले व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले. त्याच्या सर्व्हरचा मजकूर ‘एरलँग’ या भाषेत लिहिला गेला, जी स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोनच्या यंत्रणांसाठी घडवली होती. तिच्यात प्रत्येक जोडणीला स्वतःचा लहानसा स्वतंत्र कारभारी आणि त्याची स्वतःची टपालपेटी देता येते. एकट्या रोखपालाची अडचण तिथे मुळातच येत नाही. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने सांगितले, की एका संगणकावर वीस लाख जोडण्या सांभाळल्या. पण माझ्या दृष्टीने मोठा फरक वेगळा आहे. फोन बंद असेल तर संदेश टाकून दिला जात नाही. तो सर्व्हरवर ठेवला जातो, तीस दिवसांपर्यंत. आणि पाठवणाऱ्याला दोन खुणा दिसतात : एक टिक, म्हणजे आमच्याकडे आला. दोन टिक, म्हणजे त्याच्याकडे पोचला.

त्या दोन खुणांमधली जागा म्हणजे जावक रांग. ओइकारिनेनच्या काळात ती होतीच, फक्त पाठवणाऱ्याला दिसत नव्हती. दादाच्या पडद्यावर त्याच्या चार ओळी स्वच्छ उमटल्या होत्या. त्याला त्या बोलून झालेल्या वाटत होत्या. त्या माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत हे सांगणारे काहीच तिथे नव्हते. माझ्या जाण्याची जी ओळ दिसली तिच्यात सेंडक्यूचे कारण लिहिले होते, पण ते समजण्यासारखे त्याला ज्ञान नव्हते आणि मलाही नव्हते. आम्हाला एक टिक पुरली असती.

गेल्या दिवाळीत दादा भारतात आला होता. मी त्याला कागदावर रांग काढून दाखवली. यादीच्या दहा हजार ओळी, त्यांच्यामागे त्याच्या चार. आठ लाख भागिले दोन हजार हा हिशेबही करून दाखवला. तो सत्तरीकडे झुकला आहे. त्याने चष्मा लावून कागद पाहिला आणि विचारले, ‘म्हणजे मी वाट पाहत होतो तेव्हा तू होतासच?’

मी म्हणालो, ‘होतो. तुझ्यासारखाच पडद्याकडे बघत होतो.’

त्या चार ओळींत काय लिहिले होते ते त्याला आता आठवत नाही. मी विचारून पाहिले. मागच्या पडवीबद्दल काहीतरी होते, एवढेच तो म्हणाला.